नाशिकची तांबडी वाइन : माती, छाटणी आणि नाव

आमच्या लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचे जुने देवस्थान आहे. चतुर्थीला बाहेरगावची माणसे दर्शनाला येतात. गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याजवळ आहे. माळावर सीताफळाची झाडे न लावता उगवतात, आणि दिवाळी आटोपली की आमच्या भागातली कितीतरी घरे कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. अशा गावात बसून वाइनवर टिपणे काढणारा माणूस लोकांना जरा चमत्कारिकच वाटतो. ‘गणपतीच्या गावात राहून दारूवर कशाला लिहितोस?’ असे घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलेही. त्यांना मी जे उत्तर दिले, तेच इथे सविस्तर मांडतो.

माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात दिली आहे. २००५ च्या सुमारास दाजींनी दोन एकरांत वाइनची द्राक्षे लावली. एका एकरात शिराज आणि एका एकरात कॅबर्ने सोव्हिनियाँ, म्हणजे दोन्ही तांबड्या वाइनच्या जाती. एका कंपनीशी खरेदीचा करार होता. पहिली दोन वर्षे पैसे वेळेवर आले. तिसऱ्या वर्षी उशिरा आले, आणि चौथ्या वर्षी ‘टाक्या भरलेल्या आहेत, माल घेता येणार नाही’ असा निरोप आला. २०१० च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जेसीबीने उपटलेल्या खोडांचा ढीग बांधावर पडला होता. दाजी म्हणाले, “घडात काही खोट नव्हती रे. घेणाराच उरला नाही.”

नाशिकला भारताची वाइनची राजधानी म्हणतात. तिथली उत्तम द्राक्षे उत्तम पिकलेली असताना बाग का उपटावी लागते, हा प्रश्न घेऊन मी परतलो. माझे शिक्षण या विषयातले नाही. ग्रंथालये, कृषी संशोधन केंद्रांच्या पुस्तिका, बागाईतदारांशी गप्पा आणि दोन-तीन वायनऱ्यांच्या फेऱ्या, एवढ्या जोरावर गेली काही वर्षे मी हा विषय समजून घेत आलो आहे. वाइनची चव मी मोजून तीन वेळा घेतली आहे. त्यामुळे शौकिनांसाठी या लेखात फारसे काही नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहणाऱ्यासाठी मात्र आहे.

दौलताबाद ते ओझर

द्राक्ष हे आपल्याकडे नवे पीक नाही. चौदाव्या शतकात, तुघलकांच्या काळात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि त्यांचे वर्षातून दोन बहर येतात, असे त्याने नोंदवले आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ही नोंद वाचून बरे वाटते. पण त्यातला ‘दोन बहर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याकडे आपण पुन्हा येऊ.

नाशिककडे आजच्या पद्धतीच्या द्राक्षशेतीची सुरुवात ओझरला १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केली, असे मानले जाते. पुढे बिनबियांचे थॉमसन आले आणि मग आपल्या शेतकऱ्यांनीच त्यातून निवड करून नवे वाण काढले. तासगाव भागातले ‘तास-ए-गणेश’ वसंतराव आर्वे यांचे आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे ‘सोनाका’ नानासाहेब काळे यांचे. महाराष्ट्राचा द्राक्षबागाईतदार हा असा जाणकार माणूस आहे. त्याला कुणी शेती शिकवावी अशी त्याची अवस्था कधीच नव्हती. मात्र ही सगळी खाण्याची द्राक्षे. त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाला वाइनचे द्राक्ष ओळखीचे वाटते आणि तिथेच तो फसतो. वाइनचा मणी लहान, बियांचा, जाड सालीचा असतो. तो गोड असतो, पण बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते.

वाइन आली

आधुनिक वाइनचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न नाशिकला नव्हे, पुणे जिल्ह्यात नारायणगावला झाला. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन फसफसणारी वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. नाशिकचे नाव झाले ते सुला कंपनीपासून. राजीव सामंत अमेरिकेतून परत आले. १९९७ च्या सुमारास त्यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिनियाँ ब्लां आणि शेनाँ ब्लां या पांढऱ्या जाती लावल्या आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. तांबड्या जाती त्यानंतर जोमाने वाढल्या.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यात वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि निफाड तालुक्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांनी कर्ज काढून छोट्या वायनऱ्या घातल्या. दाजींची लागवड त्याच लाटेतली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भागीदारांसह फ्राटेली आली. दिंडोरीत शॅम्पेनसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच समूहाची शांदों आली.

दोन छाटण्या, एक पीक

आता शेताकडे वळू. फ्रान्समधला वेल हिवाळ्यात झोपतो. पाने गळतात, बर्फात काड्या कोरड्या दिसतात. शेतकरी त्या झोपेत एकदाच छाटणी करतो. एप्रिलच्या आसपास डोळे फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. नाशिकला बर्फ पडत नाही, म्हणून वेल झोपतच नाही. सोडून दिला तर वर्षभर वाढत राहील आणि कुठलेच पीक धड येणार नाही. इब्न बतूताला जे दोन बहर दिसले, त्यामागे हेच कारण असावे.

यावर आपल्या बागाईतदाराने काढलेला उपाय म्हणजे दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी : जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत काढून टाकायच्या. कडक उन्हात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाची निर्मिती होते. मग पावसाळा जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, म्हणजे फळाची. वाइनच्या बागेत काडीवर थोडेच डोळे राखतात, ते फुटून घड येतात, आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी होते. पाऊस सगळा बिनफळाच्या दिवसांत पडून जातो, ही नाशिकची मोठी सोय. फ्रान्समध्ये तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की वर्ष हातचे जाते. आपल्याला भीती अवकाळीची, गारांची, आणि ढगाळ हवेत पसरणाऱ्या केवडा नि भुरी या रोगांची.

या वेलाच्या मुळाशीही एक गोष्ट आहे. १८६३ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या गार भागात वेली वाळू लागल्या. फिलॉक्सेरा नावाचा, अमेरिकेतून आलेला बारीक कीटक मुळे खात होता. पुढच्या तीसेक वर्षांत फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. उपाय निघाला तोही अमेरिकेतूनच. तिथल्या रानटी वेलींची मुळे या कीटकाला दाद देत नाहीत, म्हणून फ्रेंच जातीचे कलम अमेरिकी खुंटावर बांधायचे. टेक्सासच्या मन्सन नावाच्या अभ्यासकाने यात मोठी मदत केली. आज आपल्या द्राक्षपट्ट्यात जो ‘डॉगरिज’ खुंट घरोघर ठाऊक आहे, तो त्याच टेक्सासचा. आपण तो कीटकासाठी घेतला नाही. क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई सोसतो म्हणून घेतला. वाइनच्या बागांत वापरतात तो ‘११० आर’ खुंट मात्र दक्षिण फ्रान्सच्या मोंपेलिए शहरातल्या रिश्टर या रोपवाटिकाकाराचा. दाजींच्या उपटलेल्या खोडांची मुळे त्याच जातीची होती, आणि याच मोंपेलिएशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

रंग, कस आणि चव

तांबड्या वाइनचा रंग रसातून येत नाही, सालीतून येतो. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक वेळा पांढुरकाच असतो. म्हणून घड देठापासून मोकळे करून, मणी फोडून सालीसकट आंबवतात. आठ-दहा दिवस साली वर तरंगून येतात, त्यांना दिवसातून अनेकदा खाली दाबतात. रंगाबरोबर सालीतला आणि बियांतला तुरटपणाही उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तो हा गुण. मग वाइन मुरते. भारी वाइन ओकच्या पिंपांत ठेवतात.

ऊसवाल्यांना ब्रिक्स सांगावा लागत नाही. तांबड्या वाइनसाठी रसाचा ब्रिक्स साधारण २४ पर्यंत न्यावा लागतो, त्यातून १३-१४ टक्के अल्कोहोल होते. नाशिकला साखर भरण्याची अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. फ्रान्समध्ये मणी पिकतो तो ऑगस्टच्या उन्हाकडून सप्टेंबरच्या थंडीकडे जाताना. नाशिकला तो जानेवारीच्या थंडीकडून मार्चच्या उन्हाकडे जाताना पिकतो. क्रम उलटा झाला. शेवटच्या दिवसांत साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो, आणि साल नि बी मात्र मागे राहतात. तोडणी लवकर केली तर वाइन हिरवट तुरट लागते, उशीर केला तर नुसती जड आणि सपक. पांढऱ्या जाती लवकर तोडतात, त्यामुळे नाशिकच्या पांढऱ्या वाइनचे नाव आधी झाले. तांबडीला वेळ लागला.

निफाडला कडाक्याची थंडी पडते हे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि दिवस-रात्रीच्या तापमानातले हे अंतर तांबड्या द्राक्षाच्या कामी येते. बागाईतदार आता छाटणीची तारीख अलीकडे घेतात, वेलावर माल कमी ठेवतात आणि पहाटेच्या गारव्यात तोडणी उरकतात. तोडणीला पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे येतात. त्यांचा हात या वाइनमध्ये आहे, पण लेबलावर कुठे दिसत नाही.

जातींपैकी शिराज इथे सर्वांत चांगली रुळली. तिच्या चांगल्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो, आणि तो भास नसतो. मिरीतले रोटंडोन नावाचे द्रव्यच शिराजच्या सालीत असते. कॅबर्ने नीट पिकली नाही की ढोबळ्या मिरचीचा वास मारते. त्यामागेही दोन्हींत सापडणारे एकाच कुळातले द्रव्य आहे. एका वायनरीत मला या दोन्ही शेजारी ठेवून दिल्या, तेव्हा हे आधी वाचलेले असल्यामुळे नाकाला लगेच पटले. नाशिकची शिराज मला जांभूळ, मिरी आणि किंचित धुराची आठवण देणारी वाटली. फ्रान्सची नक्कल म्हणून तिच्याकडे पाहिले तर ती उणी ठरेल. उलट्या क्रमाने पिकलेल्या द्राक्षाची वाइन म्हणून पाहिले तर तिला स्वतःचा स्वभाव आहे.

एकच दार

मग बाग का उपटली? थॉमसनवाल्याला तीन दारे असतात. निर्यात, ती चुकली तर देशातला बाजार, तोही पडला तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाला एकच दार, वायनरीचे. ते बंद झाले की माल वेलावर सडतो. २००८ साली जगभर मंदी आली. २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले, मोठी हॉटेले ओस पडली. त्याआधीच्या वर्षांत लागवड बेसुमार झालेली होती. टाक्यांत वाइन साठून राहिली, छोट्या वायनऱ्या कर्जात गेल्या आणि शेतकऱ्यांनी बागा काढल्या. ज्यांच्या वायनऱ्या टिकल्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी मोठ्या कंपन्यांना घाऊक वाइन करून देणे पत्करले.

लांगदोकचे बंड

हे सगळे फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. बोर्दोच्या हवेल्यांची चित्रे आपण पाहतो, पण आपल्या कामाचा मुलूख आहे लांगदोक. भूमध्य समुद्राकाठचा, कोरडा, तांबड्या वाइनचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि उत्तरेकडच्या कारखान्यांतल्या मजुरांसाठी स्वस्त तांबडी वाइन पुरवणे हा या भागाचा धंदा झाला. फिलॉक्सेरानंतर कर्ज काढून नव्या बागा लावल्या. तोवर अल्जीरियातून वाइन येऊ लागली होती, आणि व्यापारी चोथ्यात साखर-पाणी घालून बनावट वाइन करत होते. भाव कोसळला.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या खेड्यातले ८७ शेतकरी नार्बोनला मोर्चाने गेले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर हा गावातला कॅफे चालवणारा साधा बागाईतदार. दर रविवारी गर्दी वाढत गेली. ९ जूनला मोंपेलिएत पाच लाखांहून अधिक माणसे जमली. ११० आर खुंटाचे गाव ते हेच. नार्बोनला लष्कराने गोळीबार केला, माणसे मेली. सतराव्या पलटणीतले शिपाई याच भागातले, त्यांनी बंड केले. आल्बेर पॅरिसला पंतप्रधान क्लेमांसोंना भेटायला गेला. त्यांनी त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँक दिले आणि ती गोष्ट वर्तमानपत्रांना सांगितली. पुढारी विकला गेला, असे लोकांना वाटले. बिचारा गावात तोंड दाखवू शकेना. शेतकरी आंदोलने पाहिलेल्या वाचकाला यात नवे काही वाटणार नाही.

पण आंदोलन वाया गेले नाही. जूनअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. शेतकऱ्यांनी आपला महासंघ काढला, बनावट वाइन पकडायला स्वतःची माणसे नेमली. याच मुलखात मारोसां गावी १९०१ पासून शेतकऱ्यांची सहकारी वाइन संस्था चालू होती. तिचे अनुकरण होऊन पुढे गावोगाव सहकारी तळघरे उभी राहिली. प्रवरेचा कारखाना ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपण पिकवलेल्या मालावर प्रक्रिया करण्याचे दार आपल्याच ताब्यात ठेवायचे.

दुसरी गोष्ट नावाची. रोन नदीकाठी शातोनफ-द्यु-पाप हे लहानसे गाव आहे. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्यों शहरी राहत, त्यांचा किल्ला इथे होता. या गावाच्या नावाने कुणीही वाइन विकू लागले, तेव्हा १९२३ साली गावातले बागाईतदार बॅरन ल रुआ या वकिलाकडे गेले. त्यांनी मिळून नियम ठरवले. थाईम आणि लॅव्हेंडर ही रानझुडपे उगवतात तेवढ्याच कोरड्या जमिनीची वाइन या नावाची. ठरलेल्याच जाती लावायच्या, खराब मणी वेगळे काढायचे. पुढे हेच नियम १९३६ साली कायद्यात आले. तिथे आज हेक्टरी ३५०० लिटरच्या वर वाइन या नावाने काढता येत नाही. म्हणजे शेतकऱ्यांनी आधी स्वतःला बांधून घेतले, मग नावाला किंमत आली.

नाशिक व्हॅलीचे नाव कुणाचे?

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. वाइन उत्पादकांच्या संघटनेच्या अर्जावर ते मिळाले. लेबलांवर दिंडोरीसारख्या तालुक्याचे नाव दिसू लागले, ही चांगली खूण आहे. पण शातोनफच्या नियमांत वेल, जमीन आणि एकरी माल यांचा विचार आधी आहे, कारण ते नियम करणारे द्राक्ष पिकवणारे होते. आपल्याकडे नाव बाटलीवर आले, बागेपर्यंत पोचले नाही. कुठल्या मातीत कुठली जात, एकरी किती टन, करार मोडला तर काय, हे अजून ज्याच्या त्याच्या करारावर आहे. खाण्याच्या द्राक्षात असे नाही. १९९१ साली महाग्रेप्स निघाली, पुढे दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिली, आणि शेतकरी एकत्र येऊन परदेशी बाजाराला सामोरा गेला. तांबड्या वाइनच्या बागाईतदाराला तशी मोठी सावली मिळाली नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांच्या हितासाठी, असे सांगितले गेले. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय पुढे सरकला नाही. दारूचे घरावर काय परिणाम होतात हे ऊसतोडीच्या मुलखात राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही, म्हणून विरोध करणाऱ्यांना मी हसत नाही. मात्र त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव पुष्कळ घेतले गेले आणि द्राक्षाच्या कराराबद्दल कुणी फारसे बोलले नाही. दुकाने वाढली म्हणून बागेच्या भावाची हमी मिळत नाही. लांगदोकमध्ये वाइन तर कोपऱ्याकोपऱ्यावर विकली जात होती, तरी शेतकरी उपाशी होता.

नाशिकची तांबडी वाइन हळूहळू सुधारते आहे. माती, थंडी आणि दोन छाटण्यांचे कसब ही निम्मी कमाई तिच्या पदरात आहे. उरलेली निम्मी, म्हणजे पिकवणाऱ्यांनी ठरवलेले नियम आणि नावातला त्यांचा वाटा, ही मिळवायची आहे. ती मिळाली तरच फ्रान्समध्ये ज्याला वाइनचा मुलूख म्हणतात, तसा मुलूख इथे होईल. नाहीतर कंपन्या मोठ्या होतील, आणि बागा भाव पडेल तेव्हा उपटल्या जातील.

हे मी नाशिकसाठी लिहितो आहे, तसेच माझ्या गावासाठीही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दिवाळीच्या दिवसांत मांजरसुंब्याच्या रस्त्याकडेला आमच्या भागातल्या बाया पाट्या घेऊन बसतात आणि डोळा उघडलेले फळ दोन दिवसांत विकले नाही तर फेकून देतात. त्यांच्यातल्या किती जणींना या मानांकनाची माहिती आहे, हे मी गेल्या वर्षी विचारून पाहिले. ज्या सात जणींना विचारले, त्यांतल्या एकीनेही ते ऐकलेले नव्हते.

दाजींनी त्या दोन एकरांत आता थॉमसन लावले आहे. बांधावर शिराजचा एक वेल मात्र त्यांनी राखला आहे. त्याला ते गोडी छाटणीही वेळेवर देतात. कशासाठी, असे विचारले तर म्हणतात, “पाखरं खातात.”